नमाजमधील एकाग्रता आणि आपला धावपळीचा दिवस



आपण वुजू करतो, सफमध्ये उभे राहतो, हात बांधतो. आणि सलाम फेरल्यावर लक्षात येते की चारही रकअती दुकानाच्या हिशेबात किंवा मुलांच्या फीच्या विवंचनेत निघून गेल्या. शरीर मस्जिदीत होते, मन बाजारात. आपल्यापैकी कितीतरी जणांचा हा रोजचा अनुभव आहे.

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-मुअमिनूनच्या आरंभी यशस्वी श्रद्धावंतांचे जे पहिले लक्षण सांगितले आहे, ते नमाजमधील विनम्रतेचे आहे. यालाच ‘खुशूअ’ म्हणतात. खुशूअ म्हणजे अंतःकरणाने अल्लाहपुढे झुकणे आणि त्याची शांतता अवयवांवर उमटणे.

यासाठी कामधंदा सोडून एकांतात जावे लागते काय? नाही. सूरह अन्-नूरमध्ये ज्यांची प्रशंसा आली आहे, ते व्यापार करणारेच लोक आहेत. मात्र व्यापार त्यांना अल्लाहच्या स्मरणापासून गाफील करीत नाही. सूरह अल्-जुमुआनुसार अजान होताच व्यवहार थांबवावा आणि नमाजनंतर पुन्हा उपजीविकेच्या शोधात निघावे. पण त्या शोधातही अल्लाहचे स्मरण विपुल असावे.

मग मन स्थिर कसे करावे? ह. आयेशा (रजि.) सांगतात की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा नक्षीदार चादर पांघरून नमाज अदा केली. नक्षीकडे लक्ष गेले, म्हणून त्यांनी ती चादर ह. अबू जहम (रजि.) यांच्याकडे परत पाठविली आणि त्यांची साधी चादर मागवून घेतली. विचार करा, प्रेषितांनी (स.) लक्ष वेधणारी वस्तूच दूर केली. आपल्या खिशात थरथरणारा मोबाईल त्या नक्षीहून कितीतरी अधिक लक्ष वेधतो. तो बंद करून नमाजला उभे राहणे, ही खुशूअची पहिली पायरी होय. जेवण वाढलेले असेल तर आधी जेवून घेण्याची शिकवणही याच हेतूने आहे.

दुसरी पायरी सावकाशीची. घाईने नमाज उरकणाऱ्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) तीन वेळा परत पाठविले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. मग त्याला रुकूअ व सजद्यात स्थिर होण्यास शिकविले. सूरह फातिहाच्या सातही आयतींचा अर्थ समजून घ्या आणि प्रत्येक आयतीनंतर क्षणभर थांबा. मन भरकटले तर निराश होऊ नका. त्याला परत आणा.

नमाजबाहेरच्या वेळेचे काय? जाते फिरवून हातांना त्रास झालेल्या ह. फातिमा (रजि.) यांनी पित्याकडे सेवक मागितला. प्रेषितांनी (स.) त्यांना झोपण्यापूर्वी 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकविले आणि हे सेवकाहून उत्तम असल्याचे सांगितले. कष्टाने थकलेल्या कन्येला प्रेषितांनी (स.) दिलेली ही भेट आपल्यासाठीही आहे. तिला काही मिनिटेच लागतात. मात्र ती मिनिटे आज आपण मोबाईलला देऊन झोपी जातो.

सर्व काही एका दिवसात साधणार नाही. आजच्या एका नमाजपासून प्रारंभ करा. ती अशी अदा करा की जणू आपण अल्लाहला पाहत आहोत. आणि ते साधले नाही तरी तो आपल्याला पाहतच आहे.

अल्लाह आपणा सर्वांना खुशूअची देणगी प्रदान करो. आमीन.