कबड्डीचा लिलाव बघा आणि दुकानातला पहिला माणूस निवडा

व्हिडिओत आपण पहिला कामगार कसा निवडायचा ते बघितलं. त्यातले आकडे आणि हिशेब इथं सावकाश मांडतोय. वही घेऊन बसा.

आपल्या शिराळा-वाळवा भागाला कबड्डी सांगायची गरज नाही. कासेगावचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून प्रो कबड्डी खेळला आणि २०१५ च्या हंगामात सर्वोत्तम चढाईपटू ठरला. मॅटवरचा खेळ आपण सगळेच बघतो. धंदा करणाऱ्यानं मात्र लिलावाचं टेबलही बघावं. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाकडं ५ कोटी होते आणि खेळाडूंची मूळ किंमत गटाप्रमाणं ९ ते ३० लाख. पैसा मोजका, माणसं भरपूर. तुमचं पण तसंच आहे ना?

धडा १ : गेल्या वर्षीची चमक महाग पडते

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबानं ३६.४० लाखांना घेतला. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे २०० च्या वर गुण काढले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले, म्हणजे जवळपास चौपट. त्यानं पुन्हा २०० च्या वर गुण काढले, पण संघ प्लेऑफमध्ये गेला नाही. पोरगा तोच, गुण तेवढेच, किंमत चौपट. फायदा झाला तो ज्यानं आधी ओळखलं त्याचा.

ओळखायचं कसं? नुसते एकूण गुण बघू नका. एकानं २० चढायांत ८ गुण घेतले, दुसऱ्यानं १० चढायांत ६. दुसरा पोरगा जास्त कामाचा. कामगाराचंही तसंच. 'किती वर्षं काम केलंस' यापेक्षा 'दहा कामं दिली तर किती परत येतात' हे विचारा.

धडा २ : सगळा भार एकाच खांद्यावर नको

२०२२ मध्ये तमिळ थलायवाजनं पवन सेहरावतला २.२६ कोटींना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. तरी संघ उपांत्य फेरीत पोचला, कारण नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू उभा राहिला आणि त्यानं २०० च्या वर गुण मिळवले. तुमचा एकुलता एक कारागीर उद्या आजारी पडला तर शटर खाली येणार का? मग त्याच्या हाताखाली एक शिकणारा पोरगा आजच पाहिजे.

धडा ३ : आधी रिकामी जागा बघा, मग माणूस

पुणेरी पलटणकडं अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी तरुण पोरं होती. डाव्या कोपऱ्यात पकड करणारा फजल अत्राचली संघातून गेला होता. म्हणून २०२३ मध्ये त्यांनी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर २.३५ कोटी लावले. १ मार्च २०२४ ला पलटण विजेती झाली. मोठा पैसा त्यांनी नेमका रिकाम्या कोपऱ्यावर लावला.

धडा ४ : अदलाबदलीत काय जातंय तेही मोजा

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सनं हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणलं आणि त्याच वेळी कॅमेरून ग्रीनला १७.५० कोटींना बंगळुरूला दिलं. २०२४ ला मुंबई १४ पैकी १० सामने हरून तळाला राहिली. सगळा दोष त्या व्यवहाराचा नाही. पण नवा हिरा आणायला जुना माणूस सोडताना त्याच्याबरोबर गिऱ्हाइकांची ओळख, उधारीची माहिती आणि दुकानातला मेळ पण जातो. त्याची किंमत पगारपत्रकात दिसत नाही.

आता तुमचा हिशेब

समजा, शिराळ्यात तुमचं मोटारसायकल गॅरेज आहे. शिकाऊ पोरगा १२,००० मागतो, तयार मेकॅनिक २२,०००. फरक १०,००० चा. एका कामामागं मजुरीचे २०० रुपये हातात राहत असतील, तर महिन्याला ५० कामं जास्त व्हायला पाहिजेत. २६ दिवस धरले तर रोज साधारण २. मग दोन प्रश्न विचारा. एवढी गिऱ्हाइकं दारात येतात का? येऊन परत जातात का? परत जात असतील तर मेकॅनिक घ्या. येतच नसतील तर शिकाऊ घ्या आणि उरलेला पैसा जाहिरातीला, हत्यारांना ठेवा.

शिकाऊ घेतलात तर आठवडाभर पगार देऊन काम करून घ्या आणि तीन गोष्टी टिपा :

- एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागतं का?
- चूक झाली की स्वतः येऊन सांगतो की लपवतो?
- गिऱ्हाईक चिडलं तर आवाज किती चढतो?

बोलणी करायच्या आधी एक आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. त्याच्या वर जायचं नाही, समोरच्यानं कितीही घाई केली तरी. उचल द्यायची असेल तर तीही त्याच आकड्यात धरा.

गृहपाठ : तुमच्या दुकानातली रिकामी जागा एका ओळीत लिहा. 'चांगला माणूस पाहिजे' असं चालणार नाही. 'दुपारी १२ ते ४ काउंटर सांभाळणारा पाहिजे' असं लिहा. एवढी एक ओळ जमली की निम्मी निवड झालीच म्हणून समजा.