चौथा कोपरा

तुमच्या घरात किंवा शाळेत भिंतीवर एखादी लाकडी चौकट असेल. तिचा कोपरा कधी जवळून पाहिला आहे का? दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे एक तिरकी रेघ दिसते. ती बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत जाते. रेघ केसासारखी बारीक असेल तर सुतार हुशार. तिच्यात नख जात असेल तर सुतार घाईत होता, असे समजा. मी बनवलेल्या पहिल्या चौकटीत नखच काय, पेन्सिल जात होती.

ती चौकट माझ्या दादीच्या कशिद्यासाठी होती. ४० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद अशा कापडावर तिने वेलबुट्टी भरली होती आणि खालच्या कोपऱ्यात अगदी काठाजवळ उर्दूत आपले नाव. दादी गेल्यावर घरात तिच्या हातचे तेवढेच उरले. मी ठरवले की याची चौकट मी स्वतः करीन. गणित शिकवणाऱ्या माणसाला चार काटकोन जमणार नाहीत, असे कसे होईल?

पुण्यात भवानी पेठेत लाकडाचा मोठा बाजार आहे. लोक त्याला टिंबर मार्केट म्हणतात. तिथून मी ५ सेंटीमीटर रुंदीची सागवानी पट्टी आणली. चौकटीचा कोपरा काटकोन, म्हणजे ९० अंशांचा. तो दोन पट्ट्यांनी मिळून बनतो, म्हणून प्रत्येक पट्टी ४५ अंशांत कापायची. चार पट्ट्या, प्रत्येकीला दोन टोके, एकूण आठ काप. मी पेन्सिलीने खुणा केल्या आणि करवत चालवली. पहिला कोपरा जुळला, दुसरा जुळला, तिसराही जुळला. चौथ्या कोपऱ्यात बाहेरची टोके टेकली, पण आतल्या बाजूला जवळजवळ एक सेंटीमीटरची फट राहिली.

मी चौथा कोपरा घासू लागलो. एक बाजू घासली की दुसरी कमी पडे. मग तिलाही कापा. असे करता करता चौकट इतकी आखूड झाली की दादीचे नाव तिच्याखाली झाकले गेले. तेव्हा मी थांबलो आणि ते तुकडे पिशवीत घालून टिंबर मार्केटजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तुकडे टेबलावर मांडले आणि म्हणाले, “मास्तर, चौथ्या कोपऱ्याला का मारता? चूक पहिल्यापासून आहे.”

त्यांचे म्हणणे हिशेबाने पटवून घ्या. माझी प्रत्येक टोकाची चूक साधारण एक अंशाची होती. ४५ ऐवजी ४४. एका कोपऱ्यात दोन टोके, म्हणून कोपरा ८८ अंशांचा झाला. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश असते. तीन कोपऱ्यांचे ८८ प्रमाणे २६४ झाले, म्हणजे चौथ्यासाठी ९६ अंशांची जागा उरली. माझ्याकडे तिथे भरायला लाकूड होते फक्त ८८ अंशांचे. आठ कापांच्या आठ चुका एकाच ठिकाणी गोळा झाल्या आणि मी त्या बिचाऱ्या कोपऱ्याला दोष देत बसलो.

मिस्त्रींनी सर्वांत आधी माझा गुण्या तपासला. गुण्या म्हणजे काटकोन पाहण्याचे साधन. उर्दूतही कारागीर त्याला गुनिया म्हणतात. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ कोन, म्हणजे आपला जाविया. तसाच उर्दूतला रंदा मराठीत रंधा झाला. सुताराच्या पेटीत दोन्ही भाषा शेजारी शेजारी राहतात! गुण्या तपासायची रीत सोपी आहे. फळीच्या सरळ काठाला तो टेकवून रेघ ओढायची, मग उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. माझा खरा निघाला. खोटा होता तो हात.

पूर्वी हे काप माइटर बॉक्समध्ये घेत. ती वरून आणि दोन्ही टोकांना उघडी अशी लाकडी पेटी असते. तिच्या बाजूंना ४५ अंशांच्या खाचा असतात आणि करवत त्या खाचांतून चालते, म्हणून वाकडी जात नाही. मिस्त्रींकडे आता विजेवर चालणारा माइटर सॉ आहे. गोल दातेरी पाते वरून खाली येते आणि टेबलावरच्या अंशांच्या पट्टीवर हवा तो कोन लावता येतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या पट्टीवर शून्य म्हणजे सरळ, आडवा काप. षटकोनी चौकट करायची तर तिचा कोपरा १२० अंशांचा, त्याचा अर्धा ६०. पण यंत्रावर ६० नव्हे, ३० लावायचे. १८० ला बाजूंच्या संख्येने भागा, यंत्राचा कोन मिळतो.

यंत्र आले तरी मिस्त्री त्याच्या पट्टीवर विश्वास ठेवत नाहीत. आधी रद्दी लाकडाचे दोन तुकडे कापतात, जोडतात आणि गुण्या लावतात. दोन तुकडे जोडले की चूक दुप्पट होते, म्हणून ती लगेच दिसते. समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून पाहतात, कारण कोन अचूक असले तरी लांबी कमीजास्त असेल तर कोपरा उघडतोच. आणि खुणेच्या टाकाऊ बाजूला कापतात. पात्याचीच जाडी दोन-तीन मिलिमीटर असते. तेवढ्या लाकडाचा भुसा होतो.

हे यंत्र तुम्ही लांबूनच पाहा. मिस्त्री डोळ्यांवर चष्मा लावतात, सैल बाह्या दुमडतात आणि हातमोजे काढून ठेवतात, कारण फिरते पाते मोज्यासकट हात ओढते. काप संपल्यावरही पाते पूर्ण थांबेपर्यंत त्यांचा हात जवळ जात नाही.

तिरका जोड दिसायला देखणा, पण ताकदीने कमी. कापलेल्या टोकाकडून लाकूड सरस पिऊन टाकते, म्हणून आतून खिळा किंवा पातळ चीप घालावी लागते. ज्या जोडावर भार पडतो तिथे सुतार खाच पाडून जोडतात. बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा १८०७ मधला विश्रामबागवाडा आहे. त्याच्या दर्शनी भागावर सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब आहेत. तिथे गेलात तर नक्षी पाहाच, पण खांब आणि तुळई कुठे भेटतात तेही पाहा. लोक फक्त नक्षी पाहून परततात.

मिस्त्रींनी नवी पट्टी आणायला लावली. कापायच्या आधी त्यांनी मलाच लांबी विचारली. आतली मोकळी जागा ४० बाय ३० ठेवायची, पट्टी ५ रुंद, तर बाहेरून ५० आणि ४०. मी बरोबर सांगितले. कशिद्याला मागून सगळीकडे थोडे जास्तीचे कापड शिवून घेतले, म्हणजे काठ चौकटीखाली जाणार नाही. दादीचे नाव आता पूर्ण दिसते.

जुने आठ काप मी वर्गाच्या कपाटात ठेवले आहेत. कोनांचा पाठ आला की मुले कोनमापक लावून ते मोजतात आणि कोणता सर्वांत वाईट यावर भांडतात. अजून एकमत झालेले नाही.

स्वाध्याय
१. चौथ्या कोपऱ्यातच फट का दिसली?
२. अष्टकोनी चौकटीसाठी यंत्रावर किती अंश लावाल?
३. वर्गातला गुण्या पाठात सांगितलेल्या रीतीने तपासा आणि काय आढळले ते पाच वाक्यांत लिहा.