अतिवृद्ध रुग्णाची अचानक उद्भवणारी संभ्रमावस्था

ऐंशी वर्षांवरील रुग्णास घेऊन येणारे नातेवाईक पुष्कळदा सांगतात, ‘दोन दिवस झाले, आजी असंबद्ध बोलतात, वयच झाले आता.’ या वाक्याच्या उत्तरार्धापायी बहुमोल वेळ जातो, असा आमचा अनुभव आहे. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो. परवापर्यंत नातवंडांना नावाने हाक मारणारी व्यक्ती आज स्वतःच्या घरालाच धर्मशाळा समजू लागली, तर तो म्हातारचळ नव्हे. वैद्यकशास्त्रात यास डिलिरियम म्हणतात, आणि त्याचे कारण बहुधा मेंदूबाहेर असते : मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, फार काय, साधे बद्धकोष्ठही. या वयात न्यूमोनिया तापाविनाही असू शकतो. सर्दीची वा झोपेची एखादी गोळीही निमित्त ठरते. म्हणून घरातील सर्व औषधे, शेजाऱ्यांनी सुचविलेलीसुद्धा, सोबत आणावीत.

काही रुग्ण मात्र बडबडत नाहीत. निमूट पडून राहतात, जेवत नाहीत. घरचे निश्चिंत होतात. हा प्रकार अधिक फसवा.

उपचार मूळ कारणावर होतात, परंतु शुश्रूषेचा वाटा मोठा आहे. हरवतील या भीतीने चष्मा, श्रवणयंत्र व कवळी घरी ठेवून रुग्णास आणणारी कुटुंबे आम्ही नेहमी पाहतो. ज्यास धड दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याने अनोळखी खोलीत भानावर तरी कसे राहावे? ओळखीचा चेहरा, समोर घड्याळ, घोट घोट पाणी, रात्रीची अखंड झोप आणि शक्य होताच खाटेवरून उतरविणे, एवढ्यानेही फरक पडतो. अमेरिकेतील येल येथे डॉ. शॅरन इनूये यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ७० व त्यावरील वयाच्या ८५२ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या गटात डिलिरियमचे प्रमाण १५ टक्के, तर अशी शुश्रूषा लाभलेल्या गटात ९.९ टक्के होते. एकदा तो उद्भवल्यावर मात्र त्याच्या तीव्रतेत विशेष फरक आढळला नाही. म्हणून पहिला दिवस महत्त्वाचा.

सलाईनची नळी उपसू नये म्हणून हात बांधण्याची पद्धत आमच्याही वॉर्डात होती, हे मान्य केले पाहिजे. त्याने रुग्ण अधिकच बिथरतो. आता अशा खाटेशेजारी आम्ही रात्रभर माणूस बसवितो. तो खर्च बिलात न धरता देणग्यांतून भागविला जातो.

घरी गेल्यावरही गोंधळ काही आठवडे रेंगाळू शकतो. आजोबांनी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला, तर उत्तर पाचव्यांदा द्यावे. वाद घालू नये.