इशापूरची रायफल अंगाला बसवताना

इशापूरच्या कारखान्यातल्या बऱ्याच जुन्या रायफली अमेरिकेच्या बाजारात आल्या. माझी २ए१ त्यांतलीच. १९६२ च्या चीन युद्धानंतर ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीचाच जुना घाट ठेवून ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी बनवलेली. रेंजवर नवखे विचारतात, हिला प्लास्टिकचा दस्ता का नाही लावत? त्यांना मूळचं लाकूडच अंगाला कसं बसवायचं ते सांगतो, ते असं.

१. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही पाहा. मगच हत्यारांच्या पेटीला हात लावा.

२. दस्ता बदलण्याआधी त्याचं माप बघा. साऱ्या शिपायांचे हात एका लांबीचे नसतात, हे लष्कराला केव्हाच कळलं होतं. म्हणून ली-एनफिल्डचे दस्ते चार मापांत निघाले: लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि बँटम. एकापेक्षा दुसरा अर्ध्या इंचाने आखूड. दस्त्याच्या वरच्या अंगाला, मागच्या टोकाजवळ ‘एस’ कोरलेला दिसला तर तो शॉर्ट. रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा. अंगठा आणि नाक यांत दोन बोटं मावली की माप जमलं. हे थंडीतल्या जाड जाकिटावर करून बघा, कारण शिकार त्यातच करायची असते. साडेपाच फुटांच्या आपल्यासारख्यांना बहुधा शॉर्टच बरा पडतो.

३. दस्त्याचा लांब बोल्ट मागून, बटप्लेटच्या झाकणातून, लांब पेचकसाने फिरतो. सोपं वाटतं आणि तिथेच घात होतो. या घाटात बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता बोल्ट फिरवला की ती पत्री पिळली जाते आणि लाकूड मागून चिरतं. तेव्हा आधी नाकाडावरची टोपी, पट्ट्या, मग पुढचं लाकूड, आणि शेवटी दस्ता. ली-एनफिल्डच्याच नंतरच्या नंबर ४ रायफलीत ही भानगड नाही. तिथे शिकलेली सवय घेऊन इकडे येऊ नये.

४. नेम दस्त्यापेक्षा पुढच्या लाकडावर जास्त अवलंबून. गोळीचा धक्का मॅगझिनच्या मागे, दोन्ही अंगांना असलेल्या लाकडी टेकूंवर यायला हवा. ते झिजले की धक्का थेट लाकडाच्या मागच्या कडेवर येतो आणि तिथे भेग पडते. त्या कडेला कागद सरकेल एवढी फट हवीच. झिजलेला टेकू कोरून त्या जागी कठीण लाकडाचा तुकडा इपॉक्सीने बसवावा, आणि तो दोन्हीकडे सारखा टेकला पाहिजे. पटाशीवर हात बसलेला नसेल तर हे काम जाणत्याकडे द्यावं. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू कुणीतरी नंतर ठोकलेला वाटतो. तो इशापूरवाल्यांनीच मजबुतीसाठी घातलाय, काढू नका.

५. वॉर्निश नको. जवसाचं तेल, पातळ हात, भरपूर वाळवण.

६. दुर्बीण लावली की डोळा वर जातो आणि गाल अधांतरी राहतो. दोरीने आवळायची चामड्याची गादी पुरते. दस्ता आखूड वाटला तर चढवायचा रबरी मोजा मिळतो, आणि त्याने खांद्यालाही आराम पडतो. दोन्ही वस्तू संध्याकाळी काढून ठेवता येतात.

७. करवत अजिबात नको. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या कितीतरी ली-एनफिल्ड लोकांनी कापून हलक्या केल्या आणि आज धड पुढच्या लाकडासाठी तेच वणवण फिरतात. कापायची हौसच असेल तर सुटा जुना दस्ता विकत घेऊन त्यावर भागवावी, आणि मूळचा तेल लावून कपाटात ठेवावा, त्याच्या बोल्टसकट.