औषधाच्या रिकाम्या बाटलीचा वास का जात नाही?

फवारणी संपली की औषधाची बाटली राखेने घासावयाची, दोन दिवस उन्हात पालथी घालावयाची आणि मग तीत गोडे तेल भरावयाचे, ही चाल अजून पुष्कळ घरांत आढळते. बाटली धुतलेली असते, तरी उन्हात तापली की तिला पुन्हा वास येतो. हा वास बाटलीच्या अंगातून येतो.

पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे, ‘ई.सी.’ अशी खूण असलेले औषध म्हणजे झायलीनसारख्या द्रावकात विरघळविलेले विष होय. प्लास्टिक हे लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असते; सुतळीचा गुंता डोळ्यांपुढे आणावा. काही ठिकाणी या साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. तेथे द्रावकास शिरकाव नाही. इतरत्र त्या सैल असून सतत हालतात, आणि हालताना पडणाऱ्या फटींतून द्रावकाचा लहान रेणू पुढे सरकतो. त्यास भोक लागत नाही! शिवाय द्रावकाने प्लास्टिक फुगते, आणि विषाच्या मोठ्या रेणूंनाही वाट मिळते. काही कारखानदार पॉलिएथिलीनमध्ये नायलॉन मिसळतात. नायलॉनच्या पातळ पापुद्र्यांना वळसा घालावा लागल्याने द्रावकाची गती मंदावते, परंतु थांबत नाही.

उष्णतेने साखळ्यांची हालचाल वाढते. सुमारे १३० अंश सेल्सिअसला जाड पॉलिएथिलीन वितळते, घट्ट रचना मोडते आणि द्रावक फार वेगाने धावू लागते. मग भंगार वितळविताना ते सर्व उडून जात नाही काय? नाही. वितळलेला रस काकवीहूनही दाट असतो. वाफ पृष्ठभागावरूनच निघते आणि आतील भाग थंड होताना पुन्हा कोंडला जातो. म्हणून अशा भंगारापासून पाण्याची वा दुधाची भांडी कदापि होऊ नयेत.

औषध ओतताच बाटलीत पाव भाग पाणी घेऊन अर्धा मिनिट हलवावे व ते पाणी पंपाच्या टाकीतच ओतावे. असे तीनदा करावे. उशीर केल्यास औषध वाळून चिकटते. नंतर तळास भोके पाडावीत. बाटली जाळू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे रिकामे डबे व बाटल्या पुन्हा वापरात येतील अशा बाहेर टाकावयाच्या नसतात. त्या मोडून वस्तीपासून दूर पुरावयाच्या असतात. ग्रामसेवकांनी भोके पाडण्याचे प्रात्यक्षिक घरातील स्त्रियांसमोर अवश्य करावे, कारण बाटली शेवटी स्वयंपाकघरातच पोहोचते.