बौद्धिक दिव्यांगांची शुश्रूषा : परिचारिकेचे कार्य

पुणे शहरात 'कामायनी' ही संस्था १९६४ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे कार्य करीत आहे. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालयही याच शहरात आहे. शिक्षणाची वाट अशी रुळली असली, तरी या व्यक्तींच्या आरोग्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. परिचारिकेचे कार्य येथेच मोलाचे ठरते.

प्रथम एक गैरसमज दूर व्हावयास हवा. बौद्धिक दिव्यांगत्व हा मनोविकार नव्हे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा भेद मान्य केला आणि २०१७ च्या कायद्याने तो कायम ठेवला. ही अवस्था औषधाने जात नाही. परंतु तिच्यासोबत आढळणारे अपस्मार, थायरॉइडची कमतरता, बद्धकोष्ठता, दातांचे विकार यांवर उपचार करता येतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांना जन्मजात हृदयदोष असतो.

वेदना ओळखणे

खरी अडचण ही, की अनेकांना आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही. एरवी शांत असलेले मूल एकाएकी डोके आपटू लागते, जेवण नाकारते. 'ते तसेच आहे' असे म्हणून विषय संपविला जातो आणि किडलेली दाढ किंवा वाहणारा कान तसाच राहतो. जाणती परिचारिका प्रथम विचारते, ''कालपर्यंत ते कसे होते?'' मुलाच्या नेहमीच्या सवयी आईकडून लिहून घेणे, तोंड व कान पाहणे, झटक्यांची नोंद ठेवणे, तपासणीपूर्वी काय होणार ते कृतीने दाखविणे, मुलींना पाळीच्या दिवसांतील स्वच्छता टप्प्याटप्प्याने शिकविणे, ही तिची कामे होत.

सर्वांचे साहाय्य हवे

ब्रिटनमध्ये या कार्यासाठी परिचारिकांची स्वतंत्र नोंदणीशाखा आहे. भारतात तशी शाखा नसल्याने ही जबाबदारी सर्वसाधारण परिचारिकेवरच येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात तिचा समावेश आहे. हे पथक अंगणवाड्यांत व शाळांत जाते. शाळेत न येणारे मूल मात्र सहज नजरेतून सुटते आणि अठराव्या वर्षानंतर ही तपासणी थांबते.

ही उणीव गावपातळीवरच भरून काढता येईल. पंचायत सदस्यांनी घरीच राहणाऱ्या अशा मुलांची व प्रौढांची यादी आरोग्य उपकेंद्रास द्यावी. शिक्षकांनी वर्तनात पडलेला फरक परिचारिकेस कळवावा. दिव्यांग व्यक्तींना तपासणीत व उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तिचे पालन होते किंवा नाही, हे पाहणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे.