जुन्या मोटारीचे इंजिन का तापते? : निदान आणि उपाय

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. नीरा डावा कालवा आणि उजनी जलाशय यांमुळे येथे ऊसशेती बहरली, रस्ते झाले, वाहनेही वाढली. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, प्रीमियर पद्मिनीचे त्यापूर्वीच. तरीही अशा जुन्या मोटारी आणि जीपगाड्या काही घरी अद्याप जपलेल्या आढळतात. उन्हाळ्यात त्यांची एकच तक्रार असते : इंजिन तापते.

काही वर्षांपूर्वी चैत्रातील एका दुपारी बारामतीहून इंदापूरकडे जाताना आमची जुनी जीप निमगाव केतकीच्या अलीकडे वाफ सोडू लागली. सोबतच्या सहकाऱ्याने घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी उसळून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. गाडी दोन दिवसांत दुरुस्त झाली; हात बरा होण्यास महिना लागला. बिघाडापेक्षा अज्ञान अधिक महाग पडते, हा धडा त्या दिवशी मिळाला.

उष्णता जाते कोठे?

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच चाके फिरविण्यास उपयोगी पडतो. उरलेल्यापैकी बराच भाग धुरावाटे जातो आणि सुमारे एक तृतीयांश भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हे पाणी इंजिनभोवती खेळवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते वाऱ्याने निवते. थर्मोस्टॅट ही झडप साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडते.

बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आत अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवीत असेल, तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकणाची रबरी चकती झिजली की निरोगी इंजिनही उकळू लागते. गरम असताना झाकण उघडल्यास दाब एकदम उतरतो आणि पाण्याची क्षणार्धात वाफ होते. आमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत हेच घडले.

गाडी केव्हा तापते, ते पाहावे

निदानाचा आरंभ हत्यारांनी नव्हे, निरीक्षणाने करावा.

१. सावकाश चालताना तापते : आषाढात तुकोबांच्या पालखीमागे किंवा गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळते, तेव्हा वारा केवळ पंख्याचा मिळतो. पंख्याचा पट्टा सैल आहे काय, रेडिएटरच्या जाळीत धूळ व पाचट अडकले आहे काय, हे तपासावे. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा.

२. वेगात किंवा चढावर तापते : वारा पुरेसा असूनही पाणी निवत नसेल, तर रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबलेल्या असतात, पंप झिजलेला असतो किंवा खालची रबरी नळी आत ओढली जाऊन चपटी होते. इग्निशनचे टायमिंग मागे पडणे आणि ब्रेक घासत राहणे ही कारणेही विसरू नयेत.

३. सुरू केल्यावर लवकरच तापते : पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. तो काढून पाण्याच्या पातेल्यात तापवावा. पाणी उकळेपर्यंत उघडला नाही, तर बदलावा. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. त्यामुळे इंजिन थंड राहून इंधन अधिक लागते आणि झीज वाढते.

४. गळती न दिसता पाणी घटते : पांढरा धूर, तेलाला दुधाळ रंग, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. अशी गाडी चालवू नये. जाणत्या कारागिराकडे ओढून न्यावी.

पाण्याचा प्रश्न

कालव्याखालील काही जमिनी अतिपाण्याने क्षारपड झाल्या, हे येथील शेतकरी जाणतात. अशा भागातील विहिरींचे पाणी अनेकदा क्षारयुक्त असते. ते तापले की क्षारांचा थर नळ्यांच्या आत बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वारंवार तेच पाणी भरल्याने थर वाढत जातो. शेतीत जे क्षार पीक मारतात, तेच येथे इंजिन मारतात.

यावर उपाय म्हणजे बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातील मिश्रण वापरणे व ते ठरावीक मुदतीने बदलणे. तुंबलेला रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने धुवावा. थर जाड असल्यास कारागिराकडून नळ्या साफ करून घ्याव्यात. बहुतेक कूलंट विषारी असून त्याची चव गोडसर असते. जुने मिश्रण उघड्यावर किंवा गटारात ओतू नये. जनावरे ते पितात.

वाटेत गाडी तापल्यास

काटा वर चढताच गाडी सावलीत घेऊन इंजिन बंद करावे. किमान अर्धा तास थांबावे. नंतर झाकणावर जाड फडके ठेवून ते प्रथम थोडेच सैल करावे आणि दाब गेल्यावर उघडावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. म्हणून इंजिन निवल्यावरच थोडे थोडे पाणी भरावे. कोणी भाजल्यास त्या जागी सुमारे २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, तूप वा टूथपेस्ट लावू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे.

पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. खाजगी जुन्या वाहनांना मात्र तपासणीनंतर नोंदणी वाढवून मिळू शकते. रात्री-अपरात्री रुग्णाला बारामतीस न्यावयाचे झाल्यास वस्तीवरील अशीच एखादी गाडी कामी येते. तिच्या मालकाने सकाळी इंजिन थंड असताना पाणी, पट्टा आणि नळ्या पाहण्यास पाच मिनिटे दिली, तर ती वाटेत दगा देण्याचा संभव पुष्कळच कमी होईल. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती अवश्य सांगावी.